उजवीकडे

कार्यशाळेच्या तासाला ढमढेरे सरांनी फळ्यावर यादी लिहिली:
दोन मोटारी (एक ढकलायला, एक वळवायला),
चार चाकं, पत्रा, रिमोटची पट्टी,
आणि शेवटी, खाली रेघ मारून, अक्कल.
ती तापकीर गल्लीत मिळत नाही, म्हणाले,
बाकी सगळं मिळतं.

मिळतं खरं. पण दुकानदार विचारतो,
"आरपीएम किती?"
मी हुमेराकडे बघते, हुमेरा माझ्याकडे,
मागे खांद्यावर वायरीचं भेंडोळं घेतलेला माणूस
घसा खाकरतो.
"तीनशे," हुमेरा म्हणाली,
चपलेचा नंबर सांगावा तशी.
शनिपाराच्या स्टॉपवर बसची वाट बघत
आम्ही एकेक मोटार कानाशी धरून हलवली.
आत काहीतरी होतं.

बाबा भोसरीत मोटारी वाइंड करतात,
पंपाच्या, पंख्याच्या, पिठाच्या गिरणीच्या.
ही अंगठ्याएवढी त्यांनी तळहातावर घेतली
आणि त्यांच्या बोटांना ती धरताच येईना.
"तांब्याला उलटसुलट काही नसतं," म्हणाले,
"तू जोडशील तसं ते फिरणार."
मग चहा गार झाला तरी तिला सेल लावत राहिले,
इकडून, तिकडून, परत इकडून.

हुमेरा शिकलगार डावखुरी.
कार्यशाळेतली पत्र्याची कात्री उजव्या हाताची,
सोल्डरिंगचा स्टँड उजवीकडे ठोकून बसवलेला.
ती सगळ्याला वळसा घालून हात नेते
आणि तरी तिचा टाका माझ्यापेक्षा चकचकीत.
राळेचा वास तिच्या वेण्यांत राहायचा;
भूगोलाच्या तासाला मला तो यायचा,
आणि नकाशातल्या सीमा
जरा गरम वाटायच्या.

शुक्रवारी गाडी चालली.
म्हणजे आधी जागच्या जागी थरथरली,
मग एक चाक निघून बाकाखाली गेलं,
ते चिकटवून, वाळेपर्यंत डबा खाऊन,
मग चालली.
पुढे, मागे, ठीक.
उजवं बटण दाबलं की डावीकडे.
डावं दाबलं की उजवीकडे.
"दोन वायरींची अदलाबदल करा," सर लांबूनच म्हणाले.
"कशाला?" हुमेरा म्हणाली,
"मला येतेय की चालवता."
आणि खरंच, खडूने काढलेल्या मोठ्या चाराच्या आकड्यावरून
तिने ती नेली, वळणावर जीभ बाहेर काढून,
एकदाही रेघ न सोडता.

प्रदर्शनाला परीक्षक आले, खिशात तीन पेनं.
रिमोट त्यांनी स्वतःच उचलला.
उजवं दाबलं.
गाडी डावीकडे वळून, जलशुद्धीकरणाच्या टेबलाखालून,
सातवी 'ब'च्या थर्माकोलच्या धरणाला धडकली,
निळं पाणी फरशीभर झालं,
त्यातूनच वळून ती त्यांच्या बुटाशी येऊन थांबली.
"दिशा चुकली," त्यांनी लिहिलं. दहापैकी सहा.
हुमेरा काही बोलली नाही.
दप्तराची चेन तेवढी दोनदा अडकली.

सोमवारी मी लवकर गेले.
दोन टाके सोडवले, दोन घातले,
लाल जिथे काळी होती, काळी जिथे लाल.
बोट भाजलं. मैत्रीण म्हणून एवढं तरी, वाटलं.
ती आल्यावर रिमोट हातात दिला.

उजवीकडे वळायचं म्हणून तिने, सवयीने, डावं दाबलं.
गाडी थेट भिंतीत.
बंपरचे, म्हणजे साबणाच्या डबीच्या झाकणाचे, दोन तुकडे.

तिने ते उचलून खिशात टाकले.
भिंतीकडे बघितलं, माझ्या बोटाकडे बघितलं.
"होतं तसं कर," म्हणाली,
आणि सोल्डरिंग गन, अजून तापलेली,
माझ्या पुढ्यात सरकवली,
मूठ डाव्या हाताला येईल अशी.